टॉप-अप

शनिवारी नळ स्टॉपजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर चिरमुल्यांनी जांभळ्या मार्करने
माझ्या कपाळावर एक रेघ ओढली.
म्हणाले, इथपर्यंत आणता येईल.
आणि हातात आरसा दिला.

बारा वर्षांपूर्वी लावलेले केस
पुढे अजून उभे आहेत, इमानदार.
त्यांच्या मागचे, जन्माचे म्हणावे असे,
एकेक करून गेले.
रस्तारुंदीत घर पाडलेलं
आणि कंपाउंडची भिंत तेवढी उरलेली,
तसं झालंय.

मागे अठराशे मुळं शिल्लक आहेत, डॉक्टर म्हणाले,
ताणून दोन हजार.
ही बँक आहे असं समजा.
मी बँकेतच आहे हे मी सांगितलं नाही.
सहकारी बँक, लक्ष्मी रोड, कर्ज विभाग.
ठेव काढायची, भरायची कधीच नाही,
असली बँक आमच्यात दोन वर्षंही टिकली नसती.
रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, बिनव्याजी हप्ते आहेत.
मी हसलो. हसताना रेघ वर सरकली असावी.

टॉप-अप मागायला कुणी आलं
की मी चष्म्यावरून विचारतो,
पहिलं कशासाठी घेतलं होतं?
लोक खाली बघतात.

पहिलं लग्नासाठी,
असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.
पण सुचेता भेटली ती तिसऱ्या महिन्यात,
लावलेले सगळे गळून गेलेले असताना.
आधी गळतात, मग उगवतात,
हे मला सांगितलं होतं.
तिला कुणीच सांगितलं नव्हतं.
कर्वे रोडवरच्या हॉटेलात
तिने माझ्या लालसर डोक्याकडे एकदाच पाहिलं
आणि विचारलं, कॉफीत साखर किती?
होकार त्याच शुक्रवारी आला.
केस आले दिवाळीनंतर.

मग कशासाठी?

खरं सांगायचं तर मला हवेत.
कारण नाही, हवेत.
हेल्मेटसक्तीचा आनंद झालेला
पुण्यात मी एकटाच असेन.
लिफ्टमध्ये आरसा असला की मी मोबाइल काढतो.
मुलीच्या शाळेच्या फोटोत
मी नेहमी कुणाच्या तरी मागे.

रात्री सुचेताला विचारलं.
कणीक मळता मळता म्हणाली, डोकं तुझं आहे.
कुठल्या सुरात म्हणाली
ते मी पहाटेपर्यंत तपासत होतो,
जामीनदाराची सही तपासावी तसं.

रविवारी राऊतांच्या दुकानात.
कानापासून कानापर्यंत मागे जी पांढरी शिवण आहे
तिथे राऊत मशीन लावत नाहीत, कात्रीच.
बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही, हे काय म्हणून.
तेही पुण्यात राहून.
या वेळी मात्र रेघ दिसली
आणि त्यांचा हात थांबला.
पाणी मारलं, कापसाने पुसलं.
निघेना.
आणखी एक शिवण? हळूच म्हणाले,
शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये इतकं.
अजून ठरलं नाही, मी म्हटलं.
बरं. मग मागे लांबच ठेवतो आज.
असू दे. लागतील कशालाही.

त्यांनी पैसे घेतले आणि
खाली पडलेले केस झाडूने गोळा केले,
माझे आणि शेजारच्याचे एकत्र.

सोमवारी क्लिनिकचा फोन आला,
गुरुवार धरून ठेवू का?
मी म्हटलं, काउंटरवर गर्दी आहे.
गर्दी नव्हती.
समोर फक्त शिंगवेकर होते,
टेम्पोच्या कर्जावर टॉप-अप हवं म्हणून आलेले.
ते माझ्या कपाळाकडे बघत होते,
फिकट जांभळ्या रेघेकडे,
आणि बघत नसल्यासारखं करत होते.
मी फॉर्म पुढे सरकवला,
कुठे सही करायची ते दाखवलं.
पहिलं कशासाठी घेतलं होतं,
हे विचारायचं राहून गेलं.